कोरा माणूस

यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका कोणी वाचत नाही, असं सगळेच म्हणतात. शैलजा मगदूमसमोर कुणी हे म्हटलं तर ती वाद घालायची नाही. "मागच्या वेळी अडलात तेव्हा काय केलंत?" एवढंच विचारायची. मग माणूस जरा घुटमळायचा आणि कबूल करायचा, की खोक्याच्या तळातून पुस्तिका काढली, दोन पानं वाचली आणि वैतागून मेहुण्याला फोन केला. माणूस नेमका कोणत्या ओळीवर वैतागतो हे शोधायचं आणि ती ओळ बदलायची, हा शैलजाचा व्यवसाय होता. त्यात तिचा हात धरणारं इचलकरंजीत तरी दुसरं कोणी नव्हतं.

ही गोष्ट आणखी काही वर्षांनंतरची आहे. गावातल्या मागांची खडखड तोवर बरीच ओसरली होती आणि घराघरांत छोटी स्वयंचलित यंत्रं आली होती. कुणाकडे साडीचे काठ भरणारं, कुणाकडे पुठ्ठा कापून खोकी करणारं. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक कंट्रोलर, म्हणजे यंत्रानं काय आणि कधी करायचं ते ठरवणारा लहानसा संगणक. त्याला कामाला लावायचं तर आधी लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर बसवायचं, केबल जोडायची, लॅपटॉप आणि कंट्रोलर यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची आणि मग प्रोग्रॅम चढवायचा. ज्याला येतं तो हे चहा पिता पिता उरकतो. ज्याला येत नाही त्याचा आठवडा जातो आणि घरात भांडणं होतात ती वेगळीच. या दुसऱ्या माणसासाठी मराठीत पुस्तिका करणारी कुलभूषण आवटींची कंपनी गावात होती आणि शैलजा तिथली मुख्य लेखिका होती.

पुस्तिकेचा पहिला मसुदा संगणकच लिहायचा. व्याकरण चोख, चित्रं सुबक. पण त्याला सगळंच येत असल्यामुळे न येणं म्हणजे काय, हे त्याला येत नव्हतं. त्यासाठी जिवंत माणूस लागायचा. ज्यानं ते यंत्र आणि ते सॉफ्टवेअर कधी पाहिलेलंच नाही, असा. कंपनीत त्याला कोरा माणूस म्हणत. त्याला यंत्रासमोर बसवायचं, हातात पुस्तिका द्यायची आणि लेखकानं शेजारच्या खोलीत तोंड मिटून बसायचं. कॅमेरा त्याची नजर टिपायचा. नजर जिथे अडखळली ती ओळ शैलजाच्या पडद्यावर तांबडी व्हायची, जिथून सरळ सरकली ती हिरवी. तांबड्या ओळी पुन्हा लिहायच्या. ज्या ओळीवर लागोपाठच्या चाचण्यांत नजर थांबत नाही ती बिनकामाची समजून काढून टाकायची, कारण पुस्तिका जितकी छोटी तितकी नवख्याला बरी. सगळं हिरवं झालं की पुस्तिका बाहेर पडायची.

अडचण एवढीच होती, की कोरा माणूस एकदाच कोरा असतो. एक पुस्तिका वाचून झाली की तो शहाणा होतो आणि पुढच्या चाचणीला बाद. गावातल्या शिंप्यांपासून भटजींपर्यंत सगळे वापरून झाले होते. मग आवटींनी डोक्याला लावायची एक पट्टी आणली.

आपण नवीन काही शिकलो की ते लगेच पक्कं होत नाही. कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात, दोन छोटे भाग असतात. दिवसभराचं नवं सामान आधी तिथे उतरतं. मग पुढचे काही तास, आणि झोपेत तर फारच, त्याची उजळणी चालते आणि उजळणी होता होता ते मेंदूत इतरत्र कायमचं जाऊन बसतं. ही उजळणी म्हणजे विजेच्या बारीक लहरी. कपाळावरून कानामागे बसणारी ही पट्टी त्या लहरी ओळखते आणि ऐकू न येणाऱ्या आवाजाचे नेमके झटके देऊन त्यांना उठूच देत नाही. सकाळी चाचणी द्या, दुपारी पट्टी लावून पडून राहा, संध्याकाळी ती सकाळ तुमच्या डोक्यात नसते. जुन्या आठवणींना धक्का लागत नाही, कारण त्या आधीच आपापल्या जागी गेलेल्या असतात. थोडक्यात, रोज नवा कोरा माणूस.

ही नोकरी धरणाऱ्या दोन-तीन जणांत एक शैलजाचाच नवरा होता. भूपाल मेन रोडवरच्या साडीच्या दुकानात विक्रेता होता. कोणत्या घरात कधी लग्न झालं, कोणत्या सुनेला कोणता रंग आवडत नाही, हे त्याला तोंडपाठ. दुकान बंद पडलं आणि तो घरी बसला. यंत्रांशी त्याचं कधी जमलं नाही. घरच्या मिक्सरचं भांडंसुद्धा शैलजा बसवायची.

"माझ्यासारखा ढ माणूस आवटींना शोधून सापडायचा न्हाई," तो म्हणाला. "आणि तू शेजारच्या खोलीतच असणार की."

"अहो, पण तुमचं डोकं आहे ते. पाटी नाही."

"सकाळचंच तर जाणार. सकाळी काय होतंय आपल्या घरात? पोहे."

तो हसला आणि तीही हसली. पुढे बरेच दिवस त्याचा काही त्रास झाला नाही. संध्याकाळी तो विचारायचा, "काय गं, आज पास झालो का?" आणि ती सांगायची. कोणत्या यंत्राची चाचणी झाली हे मात्र सांगायचं नाही, तो कंपनीचा नियम होता.

त्रास झाला तो वेगळ्याच ठिकाणी. एका सकाळी पोहे खाता खाता भूपाल आपणहून बोलायला लागला. त्यांना मूल झालं नाही याचं त्याला कधी काय वाटलं, कुणाचे टोमणे त्यानं शैलजापर्यंत पोचू दिले नाहीत, सगळं. इतक्या वर्षांत तो या विषयावर पहिल्यांदाच मोकळा झाला होता. शैलजानं त्याचा हात धरून ठेवला. संध्याकाळी ती त्याच विषयावर आली तर तो गोंधळला, मग कसनुसा हसून म्हणाला, "आज हे कुठनं काढलंस?" सकाळ त्याच्याकडे उरलीच नव्हती. शैलजाला फार एकटं वाटलं. त्यानंतर चाचणीच्या दिवशी ती सकाळी कामापुरतं बोलायची आणि महत्त्वाचं काही असेल तर रविवारची वाट बघायची. संसार असा वार बघून चालायला लागला.

भूपालचा धाकटा भाऊ धनपाल तारदाळच्या वाटेवर राहायचा. माग विकून त्यानं पुठ्ठा कापायचं जुनं यंत्र घेतलं होतं. साड्यांची खोकी करून द्यायची, असा बेत. बसवून द्यायला माणूस बोलवू का, असं भूपालनं विचारलं तर तो म्हणाला, "वैनींची पुस्तिका हाय की. घरचीच. मला कुणाची गरज न्हाई."

त्यानं ती घेतली, यंत्रासमोर खुर्ची मांडली, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचत काम केलं. सॉफ्टवेअर बसलं. केबल जोडली. प्रोग्रॅम चढला. "झाकण वर उचलून धरा आणि आतला हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा," असं पुढे लिहिलं होतं. त्यानं उजवा हात खालून आत घालून झाकण उचलून धरलं. प्रोग्रॅम मिळालेला कंट्रोलर पुन्हा सुरू झाला आणि सुरू झाल्यावर पात्याला त्याच्या मूळ जागी आणून ठेवणं हे त्याचं पहिलं काम असतं. मोटार चालू होती. पातं आलं.

सांगलीच्या दवाखान्यात शैलजा त्याच्या खाटेजवळ गेली तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापाशी संपत होता. तो शुद्धीवर होता.

"वैनी," तो हळू आवाजात म्हणाला, "माझं मधी कुठं चुकलं तेवढं सांगा. तुम्ही लिहिलासा तस्संच केल्तं मी."

भूपाल बाजूला उभा होता. शैलजाला बाहेर नेऊन बाकावर बसवून तो म्हणाला, "तुझं काय चुकलं? तू लिहितीस, पण तपासणारा माणूस असतोय की. ज्यानं तपासलं त्याला विचारायला पाहिजे." शैलजानं मान खाली घातली. धनपालच्या यंत्राची पुस्तिका भूपालनंच तपासली होती आणि ते त्याला माहीत नव्हतं.

घरी येऊन तिनं पुस्तिका उघडली. दिव्याच्या ओळीआधी एक ओळ असायला हवी होती: मोटारीचा तांबडा खटका खाली ओढा. कंट्रोलर चालू राहतो, मोटार बंद होते, पातं जागचं हलत नाही. जुन्या आवृत्तीत ही ओळ होती. नव्या आवृत्तीत नव्हती, आणि ती का नाही हे शैलजाला आठवलं. सुरुवातीच्या चाचण्या सोडल्या, तर त्या ओळीवर भूपालची नजर पुढे एकदाही थांबली नव्हती. अहवालात ती बिनकामाची म्हणून आली, संगणकानं ती काढायचं सुचवलं आणि शैलजानं होकार दिला. ओळ काढल्यानंतरच्या चाचणीतही भूपाल कुठे अडला नाही. सगळं हिरवं.

तिनं कंपनीत जाऊन चाचण्यांच्या चित्रफिती लावल्या. नेहमी ती समोरच्या कॅमेऱ्यातला चेहरा बघायची, नजरेसाठी. या वेळी बाजूच्या कॅमेऱ्यातलं बघितलं. भूपाल वाचतोय, उजव्या हातानं केबल जोडतोय आणि डावा हात खाली जाऊन खटका ओढतोय. त्याच्या चेहऱ्यावर त्याचा पत्ताही नाही. ओळ होती तेव्हाही हात जात होता, ओळ काढल्यावरही जात होता. शैलजा पुन्हा पुन्हा ते बघत राहिली.

आठवण एकाच जातीची नसते. काल दुपारी कुठे गेलो होतो, ही एक. सायकल कशी चालवायची, ही दुसरी. पहिली ज्या वाटेनं मेंदूत पक्की होते ती वाट पट्टी अडवते. दुसरीची वाटच वेगळी, मेंदूच्या आणखी आतल्या भागांतली, आणि तिथे पट्टीचे झटके पोचत नाहीत. त्यामुळे अपघातात नव्या आठवणी धरण्याची शक्ती गेलेला माणूसही रोजच्या सरावानं एखादं हस्तकौशल्य शिकतो, आणि मी हे कधी केलंच नाही असं शपथेवर सांगतो. भूपालचं डोकं रोज कोरं होत होतं. हात मात्र केव्हाच तयार झाले होते. तयार हातांच्या माणसाला कोरा समजून कंपनी पुस्तिका काढत होती आणि त्या घेऊन लोक आपापल्या घरी यंत्रासमोर बसत होते.

शैलजा आवटींकडे गेली.

"सर, पुस्तिका मागे घ्या. सगळ्याच."

"चाचणीची चित्रफीत आहे आपल्याकडे," आवटी म्हणाले. "माणूस कुठं अडला नाही. तुमचा दीर घाईत असंल, वाचायचा ऱ्हायला असंल."

"तो एक अक्षरही वाचायचा राहिला नाही."

"शैलजाताई, घरचं माणूस आहे, मला समजतंय. पण पुरावा काय म्हणतोय बघा. भूपाल पास आहे."

मग तिनं कारखाना निरीक्षकांना कळवलं. निरीक्षक बाई वयानं लहान आणि शिस्तीच्या होत्या. चित्रफीत जुनी, त्यावर वाद होईल, मला समोर करून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. समोर करून दाखवायचं म्हणजे भूपालला यंत्रापुढे बसवायचं. का, ते त्याला आधी सांगितलं असतं तर त्यानं हात सांभाळला असता. म्हणून शैलजानं त्याला सांगितलं नाही. नवऱ्यापासून काही लपवून त्याला कुठे घेऊन जायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि तिला स्वतःची किळस आली.

चाचणीच्या खोलीत निरीक्षक बाई, आवटी आणि हात गळ्यात बांधलेला धनपाल असे उभे होते. धनपालला यायची गरज नव्हती. पण तोच हट्टानं आला होता.

"हे मशीन तुम्ही आधी पाहिलंय?" बाईंनी विचारलं.

"न्हाई हो," भूपाल म्हणाला. "आज पहिल्यांदाच." तो खरंच सांगत होता.

त्यानं पुस्तिका उघडली. ओठ हलवत तो वाचायला लागला. लॅपटॉप उघडला, केबल कुठली ते चित्रात बघून घेतलं, ती उजव्या हातानं जोडली. तेवढ्यात डावा हात यंत्राच्या खालच्या अंगाला गेला, न चाचपडता खटक्यावर पडला आणि खटका खाली आला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आत्ता काय केलंत?"

"केबल लावली."

"दुसऱ्या हातानं?"

भूपालनं खाली बघितलं. आपला हात तिथे कसा, हे त्याला समजेना. "पुस्तिकेत असंल की," तो म्हणाला आणि पान मागेपुढे करून शोधायला लागला. पान उलटता उलटता त्याचा वेग कमी झाला. तो मंद माणूस नव्हता, फक्त यंत्रांना बुजणारा होता. त्यानं शैलजाकडे बघितलं, मग धनपालच्या गळ्यातल्या झोळीकडे.

"अण्णा," धनपाल म्हणाला, "तुला म्हायत हुतं व्हय?"

भूपालनं डावा हात खटक्यावरून काढला आणि मांडीखाली दाबून धरला.

पुस्तिका मागे घेतल्या गेल्या. आवटींची कंपनी बंद झाली. दुसऱ्या कुणाचा हात तरी वाचला असेल, असं शैलजा स्वतःला सांगायची, आणि ते खरंच होतं.

पण चाचणीच्या त्याच दिवशी दुपारी घरी आल्यावर भूपाल पलंगावर बसला आणि म्हणाला, "पट्टी घरीच हाय न्हवं?" ती त्याच्या डोक्याच्या मापाची, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नव्हती, म्हणून शैलजानं कंपनीतून निघताना उचलून आणली होती. कशासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"लाव," तो म्हणाला. "आजचं नको मला."

"अहो, असं नाही करता येत."

"का? आवटीसाठी येत हुतं, माझ्यासाठी येत न्हाई?"

शैलजा नाही म्हणाली. म्हणायलाच हवं होतं. भावाचा हात गेला होता, तो काही पट्टीनं परत येणार नव्हता, आणि धनपालला स्वतःला ते विसरायची सोय नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन बघते तर भूपाल डावा हात दाराच्या फटीत ठेवून उभा होता आणि उजव्या हातानं दार ओढायच्या बेतात होता. तिनं दार धरलं, त्याला धरलं, पलंगावर आणून बसवलं आणि पट्टी लावली. फक्त आजच्यापुरतं, असं ती त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो ताजातवाना उठला. धनपालला अपघात झालाय हे त्याला माहीत होतं. त्यात आपलाही हात आहे, हे त्याला माहीत नव्हतं. "तपास कुठवर आला गं?" त्यानं विचारलं. शैलजा म्हणाली, चाललाय. दोन-चार दिवस असे काढले. मग तो डबा घेऊन धनपालकडे गेला आणि धनपालच्या बायकोनं दारातच त्याला सगळं ऐकवलं. ती बिचारी तरी काय करणार. तो परत आला आणि त्यानं स्वतःच पट्टी आणून शैलजाच्या हातात दिली.

त्यानंतर हे होतच राहिलं. कधी रस्त्यात कुणी बोलायचं, कधी निरीक्षकांच्या कार्यालयातून फोन यायचा, कधी शैलजालाच खोटं बोलवेनासं व्हायचं आणि ती हात पुसून, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायची आणि सांगून टाकायची. दर वेळी त्याला ते पहिल्यांदाच कळायचं. पट्टी लावली की तो सुटायचा. शैलजा सुटायची नाही. तिला त्याचा राग यायचा, मग त्याच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघून तो राग उतरायचा, आणि याला प्रेम म्हणायचं की दुबळेपणा, हे तिलाच ठरवता येईना.

एका रविवारी दुपारी तिनं ठरवलं की आज सांगायचं आणि पट्टी लावायची नाही. काही झालं तरी नाही. रडू दे, भांडू दे, पण त्याचं दुःख त्याच्याकडे राहू दे. आपण शेजारी बसून राहू, रात्रभर लागलं तरी. जेवणं झाली होती. भूपाल खुर्चीत बसून शेंगा सोलत होता आणि दुकानात येणाऱ्या कुठल्याशा जुन्या गिऱ्हाइकाची गंमत सांगत होता. शैलजानं हात पुसले, स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. अजून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

भूपाल बोलता बोलता थांबला. त्याच्या हातातली शेंग खाली पडली. खांदे थरथरले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलं तर आणखी आलं. ओल्या बोटांकडे तो नवलानं बघत राहिला.

"शैला," त्यानं विचारलं, "मी का रडालोय गं?"